गाळलेल्या मेंढ्या आणि अडकलेला जिना

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल. मला नाही, तर माझ्यासारख्या कुणाला तरी नक्कीच. घराच्या बाहेरून, भिंतीला अंग घासत वर जाणारा, लोखंडाचा, चढताना खणखण वाजणारा. हो, तोच. मी जिना आहे. वयाने जुना, रंगाने आता कुठलाच नाही, आणि मनाने सध्या पार विटलेला. वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे. शाळेच्या वहीत फळा बोलतो, छत्री बोलते, फाटकी चप्पलसुद्धा किती समजूतदारपणे बोलते. मीही प्रयत्न करीन. पण मध्येच माझं तोंड कडू झालं तर समजून घ्या, कारण जे सांगायचंय ते आठवलं की मला आजही मळमळतं.

माझा जन्म भर रस्त्यात झाला. वेल्डरच्या दुकानात मी मावत नव्हतो, म्हणून त्याने मला दुकानासमोर आडवा घातला आणि तिथेच ठिणग्या उडवत पायरीला पायरी जोडली. येणारे-जाणारे सायकली वळवून जात होते आणि वेल्डरच्या नावाने खडे फोडत होते.

मला बनवून घेतलं दोन मित्रांनी. एक घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, आणि दुसरे एका दवाखान्यातले कंपाउंडर. घड्याळजींचं बैठं घर होतं. त्यावर त्यांनी मजला चढवला आणि तो कंपाउंडरांना विकला. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, दाराला रंगसुद्धा लागला, आणि मग दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला की वर जायचं कसं? आतून जिना काढायला जागाच ठेवली नव्हती. घराच्या कडेला मात्र जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती, घड्याळजींच्या मालकीची. तिथे मला उभं केलं, माझे पाय सिमेंटात रोवले आणि डोकं वरच्या दाराला टेकवलं.

"जागा माझी, जिना तुझा," घड्याळजी म्हणाले, "आणि वाट, ज्याला वर जायचंय त्याची."

"कागद करायचा का?" कंपाउंडरांनी विचारलं.

"कशाला? मी काय उद्या जिना काखेत मारून पळणार आहे?"

"पळालात तर मला बोलवा," वेल्डर म्हणाला. "उचलताना माझी कंबर गेलीये. तुम्ही कसे पळता ते मला बघायचंय."

झालं. एवढाच आमचा करार. दोघं हसले, चहा प्यायले आणि कामाला लागले.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगायला बसलो तर तुमची शाळा बुडेल. पावलांवरून मी माणूस ओळखायचो. कंपाउंडर दमून यायचे, त्यांची चप्पल दर पायरीवर फटक मारायची. दूधवाला दोन-दोन पायऱ्या ओलांडायचा आणि हमखास शेवटच्या पायरीवर ठेचकाळायचा. दर उन्हाळ्यात कंपाउंडर रंगाचा डबा आणायचे आणि घड्याळजी स्वतः ब्रश घेऊन मला रंगवायचे. जिना कुणाचा, जमीन कुणाची, असला विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही.

आणि आत्या. कंपाउंडरांची बायको. लग्न होऊन ती माझ्यावरून वर गेली, आणि बघता बघता सगळ्या गल्लीची आत्या झाली. ती शाळेचे गणवेश शिवायची. शाळा उघडायच्या आधी माझ्यावर मुलांची ही रांग लागायची. कुणी कठड्याला लोंबकळतंय, कुणी कुणाची वेणी ओढतंय, कुणी माप द्यायच्या आधी पोट आत ओढायचा सराव करतंय. घड्याळजींचा मुलगा तर पायऱ्या वापरायचाच नाही. कठड्यावर बसायचा आणि सुर्रकन खाली. त्याचं नावच पडलं घसऱ्या. त्याच्या चड्डीचं बूड सारखं फाटायचं आणि आत्या ते गुपचूप शिवून द्यायची.

"आत्या, तू बाबांना सांगू नकोस हं," तो म्हणायचा.

"सांगत नाही. पण आता ठिगळालाच ठिगळ लावतेय मी, घसऱ्या. मूळची चड्डी कुठे गेली तेच कळत नाही."

माझंही तेव्हा कौतुक व्हायचं. पोस्टमन म्हणायचा, एवढा भक्कम जिना मी उभ्या गावात पाहिला नाही. मी मनातल्या मनात फुगायचो. जिन्याला आणखी काय हवं असतं? पाय हवेत. वर जाणारे आणि खाली येणारे.

मग कंपाउंडर गेले. पाठोपाठ घड्याळजीही गेले. वर आत्या एकटी राहिली आणि खाली घसऱ्या, त्याची बायको आणि त्याची गाडी. घसऱ्या आता घरं विकत घ्यायचा आणि विकायचा. लोक त्याला साहेब म्हणायचे. आत्या घसऱ्याच म्हणायची.

आणि तेव्हाच नवा कायदा आला.

आता हे जरा नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या दुर्दशेचं मूळ इथे आहे. आमच्या देशाचे जमिनीचे आणि करारांचे कायदे म्हणे जुनाट होते. एका गावाची रीत दुसऱ्या गावाला लागू नाही. परदेशातले बडे व्यापारी म्हणायचे, तुमच्याकडे कशाचा मालक कोण हेच समजत नाही, आम्ही पैसा कसा घालायचा? म्हणून एक समिती नेमली. समिती एका थंड, श्रीमंत, टापटीप देशात गेली, तिथला कायदा बघून हरखली आणि तो उचलून घेऊन आली. उचलून म्हणजे अक्षरशः उचलून. दुसऱ्या शाळेतल्या हुशार मुलाची वही उतरवून काढावी ना, तसं. त्याचा पेपर वेगळा, त्याची गणितं वेगळी, पण उत्तरं मात्र हीच बरोबर, कारण अक्षर सुंदर आहे.

दुसऱ्याकडून शिकण्यात वाईट काहीच नाही, मित्रांनो. माझ्या अंगातले नट-बोल्टही कधीकाळी कुठल्यातरी परक्या देशात कुणीतरी शोधून काढले असतील. पण वेल्डरने ते बसवण्याआधी माझ्या भोकांचं माप घेतलं होतं.

एका सकाळी माझ्या कठड्यावर एक नोटीस चिकटवली गेली. चिकटवली आंबलेल्या खळीने. तो वास अजून माझ्या नाकात आहे. दुपारपर्यंत मुंग्या आल्या, संध्याकाळी झुरळं आली, आणि माझ्या अंगावर बसून त्यांनी त्या नोटिशीच्या कडा कुरतडल्या. शिसारी आली मला. पण मजकूर त्याहून घाण होता. जमिनीत रोवलेली प्रत्येक वस्तू ही जमिनीच्या मालकाची. आणि मोबदला घेतल्याशिवाय दिलेला शब्द, तोही तोंडी, हा करारच नव्हे.

घसऱ्या स्वतः आला समजावून सांगायला. सोबत त्याचा दलाल होता, ज्याला दर दोन वाक्यांनंतर माझ्या पायरीवर पचकन थुंकायची सवय होती.

"आत्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," घसऱ्या म्हणाला.

आत्याने मागे वळून पाहिलं. आपल्या मागे आणखी कोणी उभं आहे का, म्हणून. 'तुम्ही' ती नव्हतीच कधी.

"मी नाही म्हणत, कायदा म्हणतो," तो पुढे म्हणाला. "जिना जमिनीत रोवलाय. जमीन माझी. म्हणजे जिना माझा."

"आणि मी काय उडत जाऊ वर?"

"तसं कसं. मी आहे ना. खाली दार बसवतो, सकाळी एकदा कुलूप काढीन, संध्याकाळी एकदा. मध्ये काही लागलं तर हाक मारा." मग नखं बघत म्हणाला, "नाहीतर मजला मला देऊन टाका. या वयात जिने चढायचे तरी कशाला?"

आलं ना लक्षात? त्याला जिना नको होता. त्याला वरचं घर हवं होतं. ज्या घराला वाटच नाही, ते घर दुसरं कोण विकत घेणार? शेवटी आत्या कंटाळेल आणि तो देईल त्या भावाला सोडेल.

माझ्या पायाशी लोखंडी जाळीचं दार बसलं. आत्याला आपल्याच घरातून भाजी आणायला उतरायचं तर जाळीपाशी येऊन हाका माराव्या लागायच्या. कधी घसऱ्याला ऐकू यायचं, कधी नाही. ऐकू आलं तरी तो आधी जेवण संपवायचा. मुलं मापं द्यायला यायची आणि बाहेर उभी राहायची. मग आत्या वरून दोऱ्याला बांधून टेप खाली सोडायची, मुलं एकमेकांची मापं घ्यायची आणि आकडे ओरडून सांगायची. त्या वर्षी अर्ध्या शाळेची एक बाही लांब आणि एक आखूड होती. एका मुलीने खांदा आणि कंबर यांची अदलाबदल केली होती. तिचा झगा तिच्या आईने शेवटी उशीला घातला. ऐकायला गंमत वाटते. मला वाटली नाही. रोज संध्याकाळी आत्या जाळीच्या आत, माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसून राहायची, आणि आपलंच शरीर कुणाच्या तरी तुरुंगाचा भाग झालंय या विचाराने मला स्वतःची किळस यायची.

शेवटी आत्याने एक वकीलबाई शोधली. तरुण होती. आत्याने शिवलेले गणवेश घालूनच ती शिकली होती. जाळीतून दोघींचं बोलणं झालं, एक आत बसून, एक बाहेर उकिडवी.

"घड्याळजींनी वाटेचा शब्द दिला, तेव्हा बदल्यात कंपाउंडरकाकांनी त्यांना काय दिलं?" वकीलबाईने विचारलं.

"चहा."

"चहा मोबदल्यात धरत नाहीत, आत्या."

"मग हसले असतील. दोघं फार हसायचे."

वकीलबाईने कपाळाला हात लावला. "मित्रांनी एकमेकांना दिलेला शब्द या कायद्याला दिसतच नाही. त्याला व्यापारी दिसतात फक्त." मग ती माझ्या पायांकडे बघत राहिली. "आत्या, रोवलेली वस्तू त्याची. मग रोवलेली नसेल तर?"

दुसऱ्या दिवशी वेल्डरची मुलगी आली. बापाचं दुकान आता तीच चालवते. तिने डोळ्यांवर काच चढवली, माझे पाय घोट्यापासून कापले आणि खाली चार चाकं बसवली.

"बाबांनी बघितलं असतं तर माझ्या थोबाडीत दिली असती," ती म्हणाली. "एवढा उभा गडी, आणि मी त्याची भाजीची गाडी करून ठेवली."

तिला वाईट वाटलं, हीच त्यातली बरी गोष्ट. मी तर लाजेने अर्धा झालो. वारा आला की हलायचो. मांजर चढली तरी कुरकुरायचो. पोस्टमन आता चढायच्या आधी मला धरून हलवून बघायचा. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर भार टाकला, कधी कुणाला विचार करावा लागला नव्हता.

मग जमिनीच्या खात्याचे अधिकारी पाहणीला आले. "हलवून दाखवा," म्हणाले. वेल्डरच्या मुलीने आणि वकीलबाईने मला ढकलत ढकलत थेट रस्त्यावर नेलं. आत्या वरच्या दारात उभी होती. दार उघडं, आणि दारापुढे काहीच नाही. तिने एका हाताने चौकट धरली होती.

अधिकारीसाहेबांनी माझी चाकं बुटाने टोकरून बघितली आणि म्हणाले, "जिना सुटा आहे. तेव्हा तो बाईंचा."

गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. घसऱ्यानेही वाजवल्या.

"मान्य आहे, साहेब," घसऱ्या म्हणाला. "जिना त्यांचा, पट्टी माझी. मग त्यांना त्यांची गाडी त्यांच्या जागेत लावायला सांगा. माझ्या जागेत नको."

साहेबांनी विचार केला. "बरोबर आहे," म्हणाले.

बघा हं, मित्रांनो. रोवला तर जिना घसऱ्याचा. सुटा केला तर आत्याचा, पण ठेवायला जागा नाही. ज्याचं त्याला मिळालं, सगळं कसं न्यायाने झालं, आणि एक बाई भिंतीत अधांतरी उभी राहिली. वकीलबाई हातापाया पडली, तेव्हा पुढच्या तारखेपर्यंत मला पट्टीवर राहू द्यायला साहेब कसेबसे कबूल झाले. घसऱ्या जाता जाता वर बघून म्हणाला, "आत्या, अजून वेळ गेलेली नाही. विचार करा." एवढ्या मऊ आवाजात म्हणाला, की मला वाटलं गंज काय चढतो अंगावर, हा आवाज चढतो त्याहून वाईट.

पुढच्या आठवड्यात वकीलबाई आपल्या कॉलेजच्या सरांना घेऊन आली. सर त्या समितीत होते. म्हातारे, गोरेगोमटे, गळ्यात त्या थंड देशातून आणलेला मफलर. ते माझ्या मधल्या पायरीवर बसले. आत्याने त्यांना चहा-बिस्किटं दिली. ते बिस्कीट बुडवायचे, चुरा माझ्या अंगावर सांडायचे आणि परत मुंग्या.

"तुम्ही गेलात त्या देशात बाहेरून जिने नसतात का हो?" आत्याने विचारलं.

"असतात की. भरपूर."

"मग तिथल्या म्हाताऱ्या वर कशा जातात?"

"तिथे वाटेचा हक्क असतो ना," सर म्हणाले. "दुसऱ्याच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं चालत आलेली वाट कुणालाही बंद करता येत नाही. जमीन विकली तरी वाट राहते. चांगलं मोठं प्रकरण आहे त्या कायद्यात."

वकीलबाईने पेला खाली ठेवला. "सर, आपल्या कायद्यात ते प्रकरण नाहीये."

"नाहीये," सर म्हणाले. त्यांचं बिस्कीट तुटून चहात पडलं. "त्या प्रकरणाचं नाव होतं 'मेंढ्यांच्या वाटा'. पूर्वी तिथले मेंढपाळ दुसऱ्यांच्या कुरणांतून डोंगरावर जायचे, त्यावरून पडलेलं. अध्यक्ष म्हणाले, आपल्या शहरांत मेंढ्या कुठे आल्यात? गाळा. आम्ही गाळलं."

"उघडून वाचलं नाहीत?"

"अगं, नावच मेंढ्यांच्या वाटा. आणि जेवायची वेळ झाली होती."

मला आठवतंय, सर चमच्याने तळातलं बिस्कीट शोधत होते आणि तो टिंगटिंग आवाज माझ्या सगळ्या पायऱ्यांत भरून राहिला होता. माझे कापलेले पाय, आत्याचं दार, टेपला बांधलेला दोरा, सगळं एका जेवणाच्या वेळेपायी. मला ओकारी आली असती, पण जिन्याला ती सोय नाही.

"बाकी काय काय गाळलंत?" आत्याने शांतपणे विचारलं.

"बाकी काहीच नाही. बर्फाचं प्रकरणसुद्धा ठेवलं."

"बर्फाचं? आपल्याकडे बर्फ सरबतात असतो फक्त."

"हो, पण ते फार सुरेख लिहिलेलं होतं," सर म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी ते म्हणूनच दाखवलं. "थंडी असेपर्यंत बाहेरच्या जिन्याच्या मालकाने तो जिना वर राहणाऱ्यासाठी रात्रंदिवस मोकळा ठेवावा, बर्फ पडो अथवा न पडो. थंडी संपली की नाही याबद्दल वाद झाल्यास तिथल्या रहिवाशांना विचारावं. कारण काय, तिथे दर डोंगराची थंडी वेगळी."

वकीलबाई उभी राहिली. मग परत बसली. "आत्या," ती हळूच म्हणाली, "जिन्याच्या मालकाने. म्हणजे जिना घसऱ्याचा असेल, तर त्याला तो तुमच्यासाठी उघडा ठेवावाच लागेल. निदान थंडीभर."

"मग काढा ती चाकं," आत्या म्हणाली.

"पण मग जिना तुमचा राहणार नाही. काकांनी पैसे घालून केलेला..."

"मला जिना नकोय गं. मला माझ्या घरी जायचंय."

मी सांगतो तुम्हाला, माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं हे सगळ्यात कठोर वाक्य होतं, आणि सगळ्यात खरं. वेल्डरच्या मुलीने माझी चाकं काढली आणि मला पुन्हा सिमेंटात रोवलं. मी घसऱ्याचा झालो. त्याच्या मालकीचा म्हणून उभं राहताना मला कसं वाटलं ते विचारू नका.

पण थंडी पडली आणि जाळीचं दार उघडं राहिलं. राहावंच लागलं. साहेबांनी तसा हुकूम काढला, आणि हुकुमात लिहिलं होतं म्हणून घसऱ्याला माझ्या कठड्याला बर्फ उपसायचं एक फावडंसुद्धा टांगावं लागलं. कोरं करकरीत. मुलं त्याची बॅट करायची. माझ्यावर परत रांग लागली, वेण्या ओढल्या गेल्या, पोटं आत गेली. दोन्ही बाह्या सारख्या झाल्या.

घसऱ्या दिवस मोजत होता. हवा तापायला लागली, पंखे फिरायला लागले, आणि त्याने अर्ज टाकला की थंडी संपली आहे, मला माझं दार बंद करू द्यावं. साहेब मात्र कामाच्या गर्दीत उशिरा आले. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी. माझा कठडा इतका तापला होता की त्यावर हात ठेवणाऱ्याची सालडी निघाली असती.

साहेब गल्लीच्या तोंडाशी आले आणि थबकले.

गल्लीतला झाडून सगळा माणूस स्वेटर घालून बाहेर उभा होता. पोस्टमनच्या डोक्याला कानटोपी. दूधवाल्याच्या अंगावर घोंगडी. मुलांनी हातमोजे, पायमोजे, जे मिळेल ते चढवलं होतं. वेल्डरच्या मुलीने तर शेकोटी पेटवली होती आणि तिच्याभोवती चार माणसं तळवे शेकत बसली होती, घामाने निथळत. आणि माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर आत्या, शालीवर शाल गुंडाळून, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर.

"काय हे?" साहेब म्हणाले.

"थंडी, साहेब," पोस्टमन म्हणाला. "काल रात्री तर दोन-दोन गोधड्या लागल्या."

"यंदा काही हटायलाच तयार नाही," दूधवाला म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब घोंगडीवर पडला.

"साहेब, ही सगळी खोटं बोलतायत," घसऱ्या म्हणाला. तो एकटा गंजीफ्रॉकवर होता. "उकडतंय इथे."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "कायदा म्हणतो रहिवाशांना विचारा. मी विचारतोय. तुम्ही एक रहिवासी झालात. तुमच्या घरातलं आणखी कुणी आहे का, ज्यांना उकडतंय?"

घसऱ्याने दाराकडे बघून हाक मारली. त्याची बायको बाहेर आली. तिने डोक्यावरून जाड शाल घेतली होती आणि पायांत लोकरीचे मोजे होते.

"मला तर बाई वाजतेय," ती म्हणाली, आणि आत्याच्या शेजारी माझ्या पायरीवर येऊन बसली.

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, थंडी चालू आहे. घामाने शाई फुटत होती. घसऱ्याने माझ्या कठड्यावरचं कुलूप उचललं, ते तापलेलं होतं म्हणून हातातून टाकलं, परत उचललं आणि आत गेला.

तुम्हाला वाटेल, झालं, जिंकलो. मला तसं म्हणवत नाही, मित्रांनो. ती सगळी माणसं पांगली तेव्हा माझ्या पायऱ्या घामाने चिकट झाल्या होत्या. आत्या वर गेली आणि शाली सोडल्यावर तिच्या मानेवर घामोळं उठलं होतं, लालभडक. एवढ्या शहाण्या माणसांना, एका बाईला तिच्या घरी जाता यावं म्हणून, भर उन्हात शेकोटीपाशी बसून साहेबाच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं. आणि हे एकदाच नाही. घसऱ्याने परत अर्ज टाकलाय. साहेब परत येणार आहेत. या गल्लीत आता कधीच उन्हाळा येऊ शकत नाही, कारण तो आला की दार बंद होईल. किळस येते मला या सगळ्याची. त्या खळीच्या वासाची, त्या चमच्याच्या आवाजाची, आणि 'मी नाही, कायदा म्हणतो' या वाक्याची तर सगळ्यात जास्त.

तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी एखाद्या समितीत बसेल. बसा, जरूर बसा. परदेशात जा, चांगलं दिसेल ते घेऊन या. मी लोखंडाचा असलो तरी आडमुठा नाही. पण त्याआधी माझ्यासारख्या एखाद्या जिन्यावर घटकाभर टेका आणि विचारा, वर कोण राहतं, आणि ती खाली कशी येते. मला रंग नाही दिलात तरी चालेल. गंजाचं मी बघून घेईन. माझ्यावरून जाणाऱ्या माणसाला तेवढं जपा.

आणि तोवर आमच्या गल्लीत कधी आलात, तर कितीही उकडत असलं तरी स्वेटर घालून या. साहेब नेमके कधी विचारायला येतील, सांगता येत नाही.